पाक झहारींचा हेडर

कालव्याच्या दुसऱ्या दारापाशी आल्यावर मुरुगेसू थांबले. लोखंडी कठड्याला टेकून त्यांनी डाव्या पायातला बूट काढला, उलटा करून आपटला आणि आत डोकावून पाहिलं.

"निघाला का खडा?" पाक झहारींनी, म्हणजे झहारीकाकांनी, विचारलं.

"खडा कसला! तुझ्या गाडीचा तुटलेला बोल्ट असेल. तिकडे सेंग बिचारा तो काढायला झटतोय आणि हा इथं माझ्या बुटात येऊन बसलाय."

झहारी हसले, पण हसू ओठांपर्यंतच आलं. एरवी मुरुगेसूंच्या असल्या बोलण्यावर ते मांडी थोपटून हसायचे. आज त्यांचं लक्ष मागे, मलेशियातल्या त्या परित बुंतार गावाकडे होतं. तिथं सेंगच्या सायलेन्सरच्या दुकानात त्यांची रुपेरी मायवी मोटार तोंड वासून उभी होती. शेजारी गोणपाटावर कोरा करकरीत हेडर ठेवला होता. उद्या दुपारी तो गाडीला बसणार होता, आणि तो बसू नये असं झहारींना अगदी आतून वाटत होतं.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कारण गेले कित्येक महिने दर रविवारी त्या दुकानात जाऊन त्यांनी हेडरशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं.

दोघं पुन्हा चालू लागले. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला पोटरीला आलेलं भात. मुरुगेसूंना साखर आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. ते सकाळी झहारींच्याच गाडीतून गावात आले होते. परत सोडायला सेंगच्या दुकानात जमणाऱ्यांपैकी रोस्दी आपली शाळेच्या मुलांची व्हॅन घेऊन तयार होता. पण झहारी म्हणाले, "चालतो मी." मग मुरुगेसूही म्हणाले, "मीपण चालतो. डॉक्टरीण बाईंना आज खोटं सांगायला नको."

झहारींचा सगळा जन्म आवाजात गेला होता. शेतांना पाणी देणाऱ्या पंपघरावर ते कामाला होते. मोठाली इंजिनं दिवसरात्र धडधडायची, घरी आल्यावरही कान गुणगुणत राहायचे. त्यांची बायको रोकिया म्हणायची, "तुम्ही घरात बोलत नाही, हाका मारता." ती स्वतः हळू बोलायची, पण सारखी बोलायची. मासे साफ करताना, कपडे वाळत घालताना, नमाजाची चटई गुंडाळतानासुद्धा तिचं काही ना काही चालू असायचं. झहारी ऐकायचे की नाही कोण जाणे, पण ते बोलणं घरात पंख्याच्या वाऱ्यासारखं फिरत असायचं.

ती गेली तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे पहिल्या तीन रात्री लोक घरात बसून दुआ म्हणत होते. पुढे चाळिसावा दिवस झाला, शंभरावा झाला. शंभराव्याला मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजला, अंगणात मांडव उभा राहिला, बसायला जागा पुरेना. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला आणि त्या घरचं येणंजाणं थांबलं. लोक वाईट होते असं नाही. त्या बाजूला कुणाकडे जायचं तर काही काम घेऊन जातात. आधी भाताचं, पाण्याचं, नातवंडांचं बोलतात आणि निघता निघता कामाचं काढतात. पण काम हवं. एकट्या म्हाताऱ्याकडे कुणाचं काय काम अडणार? आणि झहारी तरी कुठं वेगळे होते! कारण नसताना कुणाच्या दारात उभं राहायचं या कल्पनेनंच त्यांचे पाय जड व्हायचे.

मुलगी सुहैला समुद्रापलीकडे सबाहला. ती शुक्रवारी फोन करायची.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"भात. मासा."

तिथून पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. मग ती पोरांना फोनवर बोलवायची, पोरं "आजोबा" म्हणून पळून जायची.

गाडी खरं तर रोकियाची. तिचा डावा गुडघा धरलेला, क्लच दाबवायचा नाही, म्हणून ऑटोमॅटिक घेतली होती. ती चालवायची आणि झहारी शेजारी बसून, तिथं ब्रेक नसताना, पाय दाबायचे. तिच्यामागे गाडी नुसती उभी राहून गंजायला लागली. एकदा चालू केली तर खालचा नळा फुटून ती म्हशीसारखी हंबरली. झहारींना तो आवाज काही वाईट वाटला नाही. उलट घरात कुणी तरी आल्यासारखं वाटलं. पण जुम्म्याला मशिदीत लोक वळून बघायला लागले, तेव्हा ते गाडी घेऊन सेंगकडे गेले.

रविवारचा दिवस. तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाल्यावर सेंगच्या दुकानापुढे लहान गाड्यांचे शौकीन जमायचे, हे झहारींना ठाऊक नव्हतं. आठ-दहा गाड्या आडव्यातिडव्या लागलेल्या, बॉनेट उघडी, मधे प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर चहा आणि तळलेली केळी. रोस्दी त्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा. तो गाडीखाली वाकून बघत म्हणाला, "पाक, सायलेन्सर बदलतायच तर हेडरपण टाका की. गाडी मोकळा श्वास घेईल."

"कुठला चांगला?" झहारींनी विचारलं.

एवढंच विचारलं. पण कुणी पोळ्याला धोंडा मारावा तसं झालं.

इंजिनातला धूर चार तोंडांनी बाहेर पडतो. त्या तोंडांना जे चार नळे जोडतात तो हेडर. काहींत चारही नळे पुढे जाऊन एकदम एकात शिरतात. काहींत चाराचे आधी दोन होतात आणि मग दोनाचा एक. गोष्ट एवढीशी, पण त्यावरून सख्खे भाऊ तिथं एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते.

"चार-एक घ्या, पाक! एकदा वेग घेतला की बाण!"

"ऑटोमॅटिकला बाण कशाला करतोस रे?" कोपऱ्यातून मुरुगेसू गरजले होते. तीच त्यांची पहिली ओळख. "ऑटो आपला गिअर आपण बदलते. इंजिन वर चढायच्या आधीच तिनं पुढचा टाकलेला असतो. तिला ओढ हवी ती खालून. चार-दोन-एक, दुसरं काही नाही."

"ऑटोला काहीच बसवू नका," रोस्दी म्हणाला. "ऑटोला एसी आणि पाठीला उशी. झालं."

सगळे खिदळले. मुरुगेसू खुर्चीतून उठले. "अरे, उभा जन्म बसचा क्लच दाबलाय मी. डाव्या पायाला आता पेन्शन दिलंय. तुझा डावा पाय अजून नोकरीला आहे म्हणून माजलायस."

झहारींना कुणी तरी खुर्ची दिली. कुणी तरी दाट दुधाचा चहा पुढं केला. रोस्दी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत होता, मुरुगेसू पलीकडून त्याला खोडत होते, सेंग डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवून मधेच म्हणत होता, "अंकल, यांचं ऐकू नका, मी सांगतो." आणि हे सगळं त्यांच्यासाठी चाललं होतं. सूर्य बुडाल्यावरची मगरिबची बांग झाली तेव्हा कुठे त्यांना उठायची आठवण झाली. घरी येताना कान जुन्या दिवसांसारखे गुणगुणत होते. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

फुटलेला नळा सेंगनं तेवढा डागून दिला होता. हेडरचं मात्र उठताना ते एवढंच म्हणाले होते, "बघतो."

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. आता कारण होतं. "ते हेडरचं विचारायचं होतं," असं म्हणत खुर्ची ओढून बसले. त्याच्या पुढच्या रविवारी नळ्याच्या जाडीचं विचारलं. मग नळे आखूड बरे की लांब. मग साधं लोखंड की न गंजणारं. मग ऑटोच्या गिअरबॉक्सला हे सगळं सोसेल का. आठवडाभर भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना ते पुढचा प्रश्न जुळवत राहायचे. प्रश्न असा हवा की एका बैठकीत मिटता कामा नये. हळूहळू त्यात ते तरबेज झाले. मुरुगेसूंची बाजू जिंकायला लागली की हळूच म्हणायचे, "पण रोस्दी त्या दिवशी म्हणाला त्यातही काहीतरी असेल ना?" की पुन्हा पेटलं. आणि निघताना, "बघतो."

हे लबाडीचं आहे असं त्यांच्या मनात कधी कधी यायचं. पण रविवार आला की ते केस विंचरून, धुतलेला सदरा घालून तयार असायचे.

आणि मग गेल्या रविवारी ते पोचले तेव्हा सगळे आधीच उभे होते. कुणी वाद घालत नव्हतं. रोस्दीनं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर धरलं होतं, वरून लाल फीत बांधलेली.

"पाक," तो म्हणाला, "आम्ही गाढवं आहोत. इतके महिने तुम्ही विचारताय आणि आम्ही आपली अक्कल पाजळतोय. शेवटी माझी आईच ओरडली. म्हणाली, एवढा पोक्त माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का विचारतो, कळत नाही का तुला? तोंडानं मागायला लाजतात ते. आम्हाला माफ करा, पाक. हा सगळ्यांकडून."

झहारींच्या पायाखालची जमीन हलली. रोस्दीच्या आईचं काही चुकलं नव्हतं. तिकडे कुणी तोंड उघडून मागत नाही. शेजारी येऊन तीन वेळा म्हणाला की तुमच्या फणसाला यंदा काय वास सुटलाय, तर समजायचं आणि फणस कापून त्याच्या घरी धाडायचा. झहारींनी स्वतः किती वेळा धाडला होता! मग त्यांच्या विचारण्याचा दुसरा काय अर्थ निघणार होता?

नको म्हणावं, तर इतक्या जणांच्या तोंडावर मारल्यासारखं. खरं सांगावं, तर काय सांगायचं? मला हेडर नको होता, तुम्ही हवे होता? हे शब्द त्यांच्या जिभेवर कधी आलेच नव्हते, रोकियाजवळसुद्धा नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी ते ओझं घेतलं, छातीशी लावलं. डोळे भरून आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"चार-दोन-एक आहे," सेंग म्हणाला. "ऑटोला हाच. चला, संपला एकदाचा वाद."

झहारींनी मान डोलावली. घरी जाऊन त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

आज सकाळी गाडी दुकानात दिली. जुना नळा काढताना गंजलेला एक बोल्ट मधेच मोडला. अर्धा हातात आला, अर्धा इंजिनातच राहिला. सेंगनं चिनीत एक सणसणीत शिवी हासडली. "हा काढायला वेळ लागेल, अंकल. उद्या दुपारी या." तेव्हा झहारींना इतका आनंद झाला की त्यांचीच त्यांना शरम वाटली.

वाटेत कालव्याकाठी लहानशी मशीद लागली. असरची वेळ होतच आली होती. मुरुगेसू बाहेर झाडाखाली बसले, झहारी आत गेले. नमाज झाल्यावर त्यांनी दुआसाठी हात पसरले. तो बोल्ट निघू नये, असं मागायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्यानं एवढं आभाळ धरून ठेवलंय त्याच्याकडे एका गंजक्या बोल्टाचं काय मागायचं? दुसरं काही सुचेना. मग काहीच न मागता ते नुसते हात पसरून बसून राहिले. बाहेर आले तेव्हा जरा हलकं वाटत होतं, पण अडचण जिथं होती तिथंच होती.

पुढे पामच्या झाडांत मुनियांडी या तमिळ ग्रामदेवाचं ठाणं आहे. तिथं मुरुगेसूंनी चपळाईनं बूट काढले, हात जोडले, कपाळाला राख लावली. परत येताना ते म्हणाले, "माझंही झालं. आता आपण दोघंही धुतल्या तांदळासारखे. बोल, काय झालंय?"

"कुठं काय?"

"सकाळपासून मढं उचलायला आल्यासारखा चाललायस. लोक नवा हेडर मिळाला तर नाचतात."

झहारी कालव्याकडे बघत म्हणाले, "यंदा पाणी बरं सोडलंय."

"सोडलंय."

"भातही बरं आहे."

"आहे. बगळेही पांढरे आहेत. पुढं बोल."

झहारींनी वाटेतला एक खडा पायानं कालव्यात उडवला. मग झहारी म्हणाले, "मला तो हेडर नकोच होता."

मुरुगेसूंनी वळूनही पाहिलं नाही. "ते मला कधीच कळलं होतं."

झहारी जागच्या जागी थांबले. "कसं?"

"अरे, बस चालवली मी. ज्याला पोचायचंय तो माणूस आणि ज्याला नुसतं खिडकीशी बसायचंय तो माणूस, चढतानाच कळतो. तू ज्या दिवशी विचारलंस ना, हेडर रंगवला तर ओढ वाढेल का, त्या दिवशी माझी खात्री झाली."

"मग त्यांना का नाही सांगितलंस? त्यांनी उगाच..."

"सांगितलं असतं तर तू यायचा थांबला असतास." मुरुगेसूंनी कपाळावरचा घाम पुसला, राखही थोडी पुसली गेली. "आणि ऑटोवाला दुसरा आहे कोण तिथं? तू यायच्या आधी ती पोरं एकट्याला धरून माझी साल काढायची."

झहारी थोडंसं हसले. पुन्हा चालायला लागले.

"यात रडण्यासारखं काय आहे?" मुरुगेसू म्हणाले. "उद्या हेडर बसेल. परवा विचार, टायर कुठले घेऊ. मग प्लग. मग गिअरबॉक्सचं तेल. गाडीत इतके सुटे भाग आहेत की तू आणि मी दोघं संपू, ते संपायचे नाहीत."

"आणि मग ते टायरही आणून देतील."

मुरुगेसूंच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"नाही जमायचं आता," झहारी म्हणाले. "मला वाटायचं, माझा एक प्रश्न, त्यांचा एक वाद, कुणाचं काय जातंय? पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं. रोस्दीची आई माझ्यासाठी ओरडली त्याला. मी कधी तिचं तोंडही पाहिलं नाही. उद्या सेंग गाडी चालू करेल. सगळे कान देतील. 'वा पाक, काय आवाज आहे' म्हणतील. मीही वा म्हणेन. आणि त्याच्यानंतर मी त्या खुर्चीत कशासाठी बसू? सांग ना. कशासाठी बसू?"

"बसायला काय लागतं?"

"तुला नाही लागत. तुझ्या घरी नातवंडं अंगावर चढतात. तू खुर्चीत बसलास तर लोक म्हणतात, सुटका करून घ्यायला आलाय. मी बसलो तर म्हणतील, याला घरी कुणी नाही."

हे मोठ्यानं बोलून झाल्यावर झहारींना स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटेना. मुरुगेसू आता थोडे जवळून चालू लागले, खांद्याला खांदा लागेल असे.

ऊन उतरलं होतं. रस्त्याला जिथं दोन वाटा फुटतात तिथं दोघं पोचले. डावीकडे मुरुगेसूंची वस्ती. तिथून फोडणीचा वास आणि कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. उजवीकडे नारळांतून झहारींच्या घराचं छप्पर दिसत होतं.

"येतो मग," मुरुगेसू म्हणाले. "उद्या गाडी आणायला जाऊ दोघं. आणि टायरचं मी..."

"टायरचं राहू दे."

झहारी निघाले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, रुमाल परत ठेवला. भाताचं, पाण्याचं मघाशीच बोलून झालं होतं, आता आडवळणानं विषय काढायला काही उरलं नव्हतं.

"मुरुगेसू, रविवारी सेंगकडे नको. माझ्याकडे या. तू ये, रोस्दीला घेऊन ये, सेंगला म्हणावं दुकान लवकर बंद कर. रोस्दीच्या आईलाही घेऊन या. मी मासे भाजतो, तेवढं एक मला येतं. तुझ्यासाठी वांगी भाजीन, तुझा मासे न खायचा दिवस असला तर. गाडी मी मागच्या बाजूला लावीन, ताडपत्री टाकून. तिच्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही."

"ते विचारतील, काय काम काढलंय पाकनी. काय सांगू?"

"तेच तर." झहारींचा आवाज बारीक झाला. "मी सांगायला गेलो ना, तर ऐन वेळी माझ्या तोंडून हेडरचंच काहीतरी निघेल. मला माहीत आहे मी कसा आहे ते. म्हणून तू सांग. माझ्यासाठी एवढं कर. काही काम नाही, असंच बोलावलंय, असं सांगशील त्यांना?"